माळावरचा हंगाम

माघी पौर्णिमा उलटली की तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात रब्बीची ज्वारी काढणीला येते. कणसं खुडून झाली, कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या, की बांधापलीकडचं दिसू लागतं. वेळ नदीचं पात्र आटत जातं आणि त्यात डबकी उरतात. पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आधी दगडासारख्या टणक होतात, मग दळल्या जाऊन त्यांचा फुफाटा होतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे हे दिवस म्हणजे शिरूर-दौंडच्या पट्ट्यात माउंटन बाइक चालवण्याचा खरा हंगाम. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला धरते, टायर आणि फ्रेम यांच्यातली फट भरून टाकते आणि चाक फिरायचंच थांबतं. दिवाळीनंतर जमीन वाळते, पण तेव्हा निम्म्या वाटा पिकाखाली आणि उरलेल्या पाटाच्या पाण्याखाली असतात. एप्रिल अर्धा सरला की पारा चाळिशीला भिडतो. मधले दोन-अडीच महिने तेवढे सायकलवाल्यांचे.

तळेगाव म्हटल्यावर बाहेरचा माणूस मावळातलं तळेगाव दाभाडे धरून चालतो. दोन्हींच्या मधे अख्खं पुणं आहे आणि पावसाचा मोठा फरक आहे. आमचा भाग पर्जन्यछायेतला, वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडणारा. पुणे-नगर रस्त्यावरच्या शिक्रापूरहून पूर्वेला वळलं की थोड्याच अंतरावर तळेगाव ढमढेरे. तोच रस्ता पुढं न्हावऱ्याला, घोडगंगा साखर कारखान्याकडं जातो. उत्तरेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडचा टेकड्यांचा मुलूख. दक्षिणेला भीमा, आणि भीमा ओलांडली की दौंड तालुका: राहू बेटातला ऊस, केडगावकडची गुऱ्हाळं, यवत आणि त्यामागचा भुलेश्वरचा डोंगर. नदीकाठी हिरवं, कालव्याखाली हिरवं आणि या दोन्हींच्या वर मुरमाड, खडकाळ, कुसळी गवताचा माळ. सायकल चालते ती या माळावर.

माउंटन बाइक म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या मनात हिमालय येतो. हिमाचलात २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘एमटीबी हिमालय’ या अनेक दिवसांच्या शर्यतीची छायाचित्रं पाहून इथल्या कित्येकांनी पहिली गिअरची सायकल घेतली. त्यांतल्या बहुतेकांना हिमालयात जायला ना रजा मिळाली ना पैसे जमले, आणि ती सायकल पार्किंगमध्ये उभी राहिली. मला या खेळाबद्दल मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की त्याला लागते ती घराजवळची उंचसखल, मोकळी, सर्वांची जमीन. ती आमच्या गावांकडं अजून आहे. ती आहे तोवर तिच्यावर शर्यती व्हायला हव्यात.

या खेळाचा जन्मच अशा जमिनीवर झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण पोरं भंगारातून आणलेल्या जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन त्या भागातल्या डोंगरांवरच्या कच्च्या रस्त्यांनी खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. मार्ग तीन किलोमीटरहून थोडा जास्त, उतार चारशे मीटरांच्या आसपास. त्या सायकलींना पेडल मागं मारलं की लागणारे ब्रेक होते. एका उतारातच ब्रेकच्या तुंब्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोहोचल्यावर नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं ‘रिपॅक’. पहिली शर्यत जिंकली ॲलन बाँड्स यानं. पुढं गॅरी फिशरनं ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला. त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली. वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पदकांचा झाला. पुरुषांत नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटयेन्स आणि महिलांत इटलीची पाओला पेझो यांनी पहिली सुवर्णं घेतली. याची सुरुवात ना कुठल्या महासंघानं केली ना कुठल्या कंपनीनं. ती केली हौशी लोकांनी, आपल्या घरामागच्या उतारावर.

उंचीचा प्रश्न कुणी काढला तर मी पॅरिसचं उदाहरण देतो. २०२४ च्या ऑलिंपिकमधली माउंटन बाइक शर्यत एलांकूरच्या टेकडीवर झाली. ती टेकडी म्हणजे जुनी दगडखाण, पुढं राडारोडा आणि कचरा टाकून वाढलेली. तिचा माथा समुद्रसपाटीपासून २३१ मीटर आणि तो त्या भागातला सर्वांत उंच. पुणे शहर याच्या दुपटीहून उंचावर वसलेलं आहे. त्या टेकडीवर ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं चाक मधेच पंक्चर झालं, त्याचा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, आणि तरी शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागं टाकून त्यानं सलग दुसरं सुवर्ण घेतलं. जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीला एक जुनी खाण पुरली. शिरूर तालुक्यात अशा टाकून दिलेल्या खाणी किती आहेत, ते रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसतं.

आमच्याकडं सायकल घेऊन माळावर जाणाऱ्यांत रांजणगाव एमआयडीसीत पाळीनं काम करणारा फिटर आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आहेत, औषधाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, कांदा आणि ऊस करणारा शेतकरी आहे आणि अकरावीत शिकणाऱ्या दोघी मुली आहेत. कुणी पूर्णवेळ खेळाडू नाही, होणारही नाही. सराव बसवायचा तो पहिली पाळी, दुसरी पाळी, शाळेची घंटा आणि कांदाकाढणी यांच्या सांध्यांत. फिटरची रात्रपाळी असली की त्या आठवड्यात त्याच्यावर जोराचा सराव लादायचा नाही, एवढं आता सगळ्यांना समजलं आहे. झोप कमी पडलेलं शरीर त्या सरावातून काही कमवत नाही.

सरावाचा बराचसा भाग कंटाळवाणा वाटेल असा आहे. स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं अव्वल दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्याला आढळलं की ते साधारण ऐंशी टक्के सराव अगदी सावकाश, गप्पा मारता येतील इतक्या वेगानं करतात आणि उरलेला वीस टक्के जीव तोडून. हौशी माणूस नेमका उलट वागतो. रोजच मध्यम जोर लावतो, रोजच थोडा दमतो आणि महिन्याभरानं तिथंच असतो. माघात आम्ही सावकाश चालवतो ते चासकमानच्या डाव्या कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं. रस्ता जवळजवळ सपाट, वाहनं नाहीत, आवर्तन सुटलेलं असेल तर बाजूला भरून वाहणारं पाणी. तास-दीड तास एकाच लयीत पाय फिरवायला याहून चांगली जागा नाही. रविवारी भीमा ओलांडून यवतमार्गे भुलेश्वरच्या घाटाला जायचं, चढ एका दमात पण श्वास आवाक्यात ठेवून चढायचा, वर यादवकालीन मंदिराच्या थंड दगडी गाभाऱ्यापाशी बसायचं आणि परत यायचं. या घाटावर पुण्याहून येणारे रस्त्याच्या सायकलींचे जथेही भेटतात.

फाल्गुन लागला की जोराचा सराव सुरू होतो, आणि त्यासाठी आम्हाला बैलगाड्याचा घाट सापडला.

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हे बैलगाडा शर्यतीचे तालुके. इथं यात्रेत गाडे पळतात ते त्यासाठीच बांधून काढलेल्या चढाच्या धावपट्टीवर, आणि त्या धावपट्टीलाच घाट म्हणतात. पुढं घोडी, मागं चार बैल, आणि वर निशाणापर्यंतची वेळ सेकंदांत. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता चैत्र-वैशाखात गावोगाव पुन्हा बाऱ्या सुटतात आणि सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यालाही हाच किताब देतात. दोन्ही शर्यती पाहिलेल्या माणसाला या सारखेपणाचं नवल वाटणार नाही. चढावर, प्रेक्षकांच्या भिंतींमधून, घड्याळाविरुद्ध जीव खाऊन वर जाणं दोन्हीकडं एकच असतं.

यात्रेचे दिवस सोडले तर वर्षभर घाट रिकामा असतो. आम्ही गावच्या यात्रा कमिटीला विचारून तिथं सराव सुरू केला. अट एकच: यात्रेआधी घाटावर माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवायला लागले की सायकली बंद. सायकलवाल्याला तो चढ वीस ते तीस सेकंदांचा पडतो. एवढ्या वेळेचा जोर क्रॉस कंट्री शर्यतीच्या सुरुवातीला लागतो, कारण सुटताना मैदान रुंद असतं आणि पुढं शे-दोनशे मीटरवर वाट एका सायकलीपुरती अरुंद होते. तिथं जो मागं पोहोचला तो मागंच अडकला. स्नायूंमधला तत्काळ वापरायचा साठा दहाएक सेकंदांत संपतो. नंतर साखर जाळून शक्ती येते आणि त्याबरोबर पायांत पेटल्यासारखी आग. म्हणून वर पोहोचल्यावर सायकल हातात धरून सावकाश खाली चालत यायचं, तीन-चार मिनिटं जाऊ द्यायची, आणि पुन्हा सुटायचं. दिसायला किरकोळ वाटणारा हा सराव पाच-सहा फेऱ्यांत माणसाला आडवा पाडतो.

यात्रेत घड्याळ सांभाळणारे गावातले एक आजोबा एका संध्याकाळी बांधावर येऊन बसले. सायकलीला गिअर किती, टायर एवढे जाड का, असं सगळं विचारून झालं. मग त्यांनी आमचं घड्याळ मागून घेतलं आणि प्रत्येकाची वेळ सांगायला सुरुवात केली. आमच्या फिटरला ते म्हणाले, “बाळा, सुटतानाच ढिला पडतोस. बैल बी सुटतानाच कळतो.” त्यांचं खरं होतं. तो जड गिअरवर उभ्यानं सुटत होता आणि पहिली दोन-तीन पेडलं घुटमळत होता. गिअर एक पायरी हलका केल्यावर वेळ लगेच कमी झाली. पुढच्या आठवड्यांत आजोबा येत राहिले. सरावाची पुस्तकं वाचून मला जेवढं समजलं, तेवढंच त्या बांधावर बसून समजलं.

माळावरची सायकल ही पायांइतकीच हाताची आणि नजरेची गोष्ट आहे. मुरूम म्हणजे टणक थरावर पसरलेली सुटी बारीक खडी. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटलंच. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात बोटं ब्रेकवरून सैल करायची, बाहेरच्या पायावर भार द्यायचा आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वळण संपतं तिथं ठेवायची. ओढ्याची कोरडी वाळू आली की आत शिरण्यापूर्वीच हलका गिअर घ्यायचा, भार मागं टाकायचा, पेडल थांबवायचं नाही आणि हँडलशी झगडायचं नाही. फुफाट्याखाली काय आहे ते दिसत नाही. खाली ट्रॅक्टरची खोल चाकोरी असू शकते, म्हणून पाणंदीच्या मधल्या उंचवट्यावरून चालायचं. यांतली एकही गोष्ट पुण्यातल्या डांबरी रस्त्यावर शिकता येत नाही, आणि शिरूरच्या शाळकरी पोराला त्यातलं निम्मं आधीच येत असतं, कारण तो पाणंदीतूनच शाळेत गेलेला असतो.

मग काटे. बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि जमिनीवर पसरणारा सराटा. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचा एक काटा वरच्या बाजूला असतोच. मेंढपाळ वाड्याभोवती काट्यांची वई घालतात, मुक्काम हलला की तिच्या फांद्या वाटेवर राहतात. साध्या ट्यूबच्या सायकलीला एका फेरीत दोन-तीन पंक्चरं ठरलेली. त्यावर उपाय ट्यूब काढून टाकण्याचा. रिमला आतून पट्टी लावायची, टायर हवाबंद बसवायचा आणि त्यात चिकाचा द्राव ओतायचा. काटा उपसून भोक खाली येईल असं चाक फिरवलं की तो पांढरा चीक भोकात गोठतो आणि हवा थांबते. ट्यूब नसल्यानं हवाही कमी ठेवता येते. सव्वादोन इंची टायरमध्ये वीस-पंचवीस पीएसआयवर चाक मुरमाला धरून राहतं. ट्यूब असती तर एवढ्या कमी हवेत पहिल्याच दगडावर ती रिमखाली चेमटून फाटली असती. आमच्याकडच्या उन्हात हा द्राव झपाट्यानं वाळतो, म्हणून होळीच्या सुमारास एकदा नव्यानं भरावा लागतो. ज्या मुलांना हे परवडत नाही ती जाड ट्यूब घालतात आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडं पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे शोधत बसतात. त्यांच्यात एक-दोन पोरं अशी आहेत की त्यांना चांगली चाकं मिळाली तर आम्हा मोठ्यांना त्यांच्या मागं राहणंही जमणार नाही.

ऊन हा या हंगामातला सर्वांत कडक मास्तर. मार्चच्या मध्यापासून सकाळी दहानंतर माळावर सावली अशी नसतेच. पण शरीर उन्हाला सरावतं. रोज तासाभराचा घाम गाळला तर एक-दोन आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. शर्यतीच्या आधी थंड हवेत राहून आलेला माणूस इथं येऊन कोलमडतो तो याच कारणानं. खाण्यापिण्यासाठी आम्हाला परदेशी पाकिटांची गरज पडलेली नाही. लांबच्या फेरीत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असं शास्त्र सांगतं. दौंडकडच्या गुऱ्हाळातून आणलेला गूळ, लिंबू आणि मीठ पाण्यात घातलं की बाटलीत तेवढी सोय होते. सोबत शेंगदाण्याचा लाडू. परतल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक आणि भाकरी.

बिबट्याबद्दल लिहायलाच हवं. ऊस वाढला तसा शिरूर, जुन्नर, आंबेगावात बिबट्या उसात वस्तीला आला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात त्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, त्यांत मुलं होती. ज्या घरांवर हे ओढवलं त्यांच्यासमोर सायकलच्या सरावाची गोष्ट फार लहान आहे. आम्ही एवढंच ठरवलं की पुरतं उजाडल्याशिवाय कुणी निघायचं नाही, उसाच्या कडेच्या वाटेनं एकट्यानं जायचं नाही आणि मुलींना सोडायला-न्यायला कुणी तरी असलंच पाहिजे. यामुळं पहाटेचे थंड तास हातचे जातात. त्याला इलाज नाही.

मार्चअखेरीस पुण्याजवळच्या एका टेकडीवर झालेल्या हौशी शर्यतीत आमच्यातले बरेच जण उतरले. ऑलिंपिकच्या धर्तीवरच्या क्रॉस कंट्री शर्यतीत चार ते सहा किलोमीटरची फेरी असते आणि अव्वल खेळाडू ती ऐंशी ते शंभर मिनिटं फिरतात. हौशींना फेऱ्या कमी. झेंडी पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत धुळीशिवाय काही दिसत नव्हतं, ऐकू येत होती ती साखळ्यांची खडखड आणि पुढच्याचा श्वास. अशा शर्यतीत हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जातात आणि शेवटपर्यंत तिथंच राहतात. विसाव्याची जागा उतारावरही नसते, कारण तिथं हात आणि नजर राबत असते. आमचा फिटर सुटला तो पहिल्या दहांत, आणि अरुंद वाटेत शिरताना त्याच्यामागं मोठा घोळका अडकलेला मी मागून पाहिला. घाटावरच्या त्या सगळ्या संध्याकाळी त्या अर्ध्या मिनिटात वसूल झाल्या. अकरावीतल्या दोघींपैकी एक मुलींत दुसरी आली. मुली इतक्या थोड्या होत्या की त्यांना मुलांबरोबरच सोडलं होतं, आणि खडकाळ उतारावर ती ज्यांना ओलांडून गेली त्यांत बाप्येही होते.

तिथं खटकलं ते मात्र सांगतो. दुसऱ्या फेरीनंतर वाटेवरचं पाणी संपलं. उतारावर एका मुलाच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा त्याला न्यायला गाडी यायला फार वेळ लागला. प्रवेशशुल्क मात्र असं होतं की आमच्या गुरुजींनी आपल्या शाळेतल्या पोरांना आणण्याचा विचार सोडून दिला. हौशी खेळाडूंच्या जिवाची आणि खिशाची एवढी काळजी घेणं अवघड नसतं. २००३ पासून पुण्याच्या परिसरात होत आलेल्या ‘एंड्युरो ३’ सारख्या स्पर्धेनं, ज्यात संघ चालतो, सायकल चालवतो, पाणी ओलांडतो, हे वर्षानुवर्षं निभावलेलं आहे.

मुलींच्या बाबतीत तर उदाहरण शेजारचंच आहे. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय विजेती झाली आणि भारताच्या वतीनं आशियाई स्पर्धेत उतरली. संगमनेर हाही आमच्यासारखाच पर्जन्यछायेचा, ऊस-कांद्याचा, माळांचा मुलूख. तिथून एक घडली तर इथून का घडू नये, हे आमच्या मुलींच्या आयांना मी अनेकदा सांगितलं आहे, आणि त्यांना ते पटतं. प्रश्न पटण्याचा नाही, संध्याकाळी अंधार पडायच्या आत पोर घरी येण्याचा आहे. त्यासाठी सरावाची जागा गावातच हवी.

ही जागा मात्र भराभर कमी होत आहे. सरकारी दप्तरात माळ ‘पडीक’ असतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ प्रदेश आणि झुडपी रानं त्याच रकान्यात धरली जातात. मुरमासाठी टेकड्या पोखरल्या जातात. गायरानांवर अतिक्रमणं आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तरी ती हटली आहेत असं म्हणवत नाही. आता सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानांवर सौर पॅनेल येत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी यासाठी ती योजना आहे आणि रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला बिबट्याच्या भागात तिची किती गरज आहे, हे मी जाणतो. पण प्रत्येक प्रकल्पाभोवती कुंपण येतं, आणि कुंपण आलं की मेंढरांची वाट, गुरांची वाट आणि त्यांच्यामागून आमची वाट बंद होते. जागा ठरवताना ग्रामसभेत हा मुद्दा मांडला तरी जावा.

माळ रिकामा नसतो, हे आम्हाला एका धनगरबाबांनी शिकवलं. चैत्राच्या सुरुवातीला आम्ही एका उघड्या सपाटीवरून आडवे निघालो होतो, तेव्हा त्यांनी काठी आडवी धरली. “पाव्हणं, हिकडनं नका जाऊ, टिटवीनं अंडी घातल्यात.” माळटिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी याच महिन्यांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती खड्यांत खड्यांसारखीच दिसतात. तेव्हापासून आम्ही पायवाट आणि मेंढवाट सोडत नाही, नवी वाट पाडत नाही. पुणे जिल्ह्यातल्या अशाच गवताळ माळांवर लांडगे आणि चिंकारा आहेत. इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला वनखात्यानं लोकांना ते दाखवायला सफारी सुरू केली. शिरूरचा माळ त्याच पट्ट्याचा भाग आहे. खेळामुळं त्याला चार रखवालदार मिळाले तर त्याचं भलंच होईल.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची रस्त्यावरची शर्यत झाली. तिच्यासाठी शेकडो किलोमीटर रस्ते दुरुस्त झाले, परदेशी संघ आले, गावागावांत पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ते चांगलंच झालं. त्या पोरांतल्या दहा जणांना सायकलवर बसवायला याच्या हजाराव्या हिश्श्याचाही खर्च येणार नाही. चार किलोमीटरची, आधीच असलेल्या वाटांची एक फेरी. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. वाटेवर दोन ठिकाणी पाणी. उताराच्या तळाशी उभी एक रुग्णवाहिका. मुलं आणि मुली यांच्या वेगळ्या बाऱ्या. आणि दाखल्यापुरती फी. घाट आहे, घड्याळ लावणारी माणसं आहेत, लाऊडस्पीकरवर पुकारा करणारे आहेत, बक्षिसं देणारे दातेही यात्रेत आपण होऊन पुढं येतात. गाडे पळायच्या आदल्या दिवशी सकाळी दोन तास एवढंच मागणं आहे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या यात्रा कमिट्यांना, सरपंचांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना ही विनंती आहे. पुढच्या चैत्रात एखाद्या गावानं हे मनावर घेतलं, तर वळणं आखायला, वाटेवरचे काटे वेचायला आणि पोरांच्या सायकलींची चाकं नीट बसवून द्यायला आम्ही तळेगावकर आठवडाभर आधी येऊन राहू.